‘कै.’ आणि ‘सह’ : मूळ संचाच्या आग्रहाविषयी

चैत्र लागला की शिर्डीच्या आसपासच्या गावांतून जत्रांना सुरुवात होते. रामनवमीला शिर्डीत पालख्यांची रीघ लागलेली असते आणि त्याच दिवसांत राहाता, कोपरगाव, संगमनेर या तालुक्यांतल्या गावोगावच्या चौकांत तमाशाचे फलक लागतात. अशाच एका फलकापाशी आमची एसटी थांबली होती. फलकावर सर्वांत वर ‘कै.’ लावून एका दिवंगत फडमालकाचे नाव, खाली लहान अक्षरांत ‘सह’, आणि त्याखाली आज तो फड चालवणाऱ्या व्यक्तीचे नाव. माझ्या शेजारी बसलेले सहकारी इंग्रजी शिकवतात आणि पाश्चात्य संगीताचे चांगले जाणकार आहेत. फलक वाचून ते म्हणाले, “मेलेल्या माणसाच्या नावावर सुपाऱ्या घेणं कधी थांबणार हो? लेड झेपेलिनकडून शिकावं. ड्रमवाला गेला, त्यांनी दुकान बंद केलं.”

मी हसलो. त्या हसण्याची लाज दुसऱ्या दिवशी वाटली. तोच विषय मी वर्गात गमतीने काढला, तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी तास संपल्यावर थांबला. त्याचे वडील एका फडात ढोलकी वाजवतात, हे मला दोन वर्षांत ठाऊक नव्हते. तो एवढेच म्हणाला, “सर, मालक गेले तेव्हा फड बंद करायला हवा होता का? मग आम्ही काय करायला हवं होतं?” त्याच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच उत्तर हवे होते. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी प्रतिपक्षाची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. प्रयोगकला ही माणसांत असते, संहितेत नसते, असे ती बाजू म्हणते. चार माणसे एकत्र आल्यावर जो नाद निर्माण होतो तो त्या चौघांचाच असतो. त्यांतला एक वजा केला की उरलेले तिघे म्हणजे पाऊण वाद्यवृंद नव्हे, ती दुसरीच गोष्ट होय. नाव हे प्रेक्षकाला दिलेले वचन असते. ज्याच्यामुळे नाव झाले तोच नसेल तर तिकीट विकणे ही फसवणूक आहे, आणि स्मृतीचा बाजार मांडणे हा गेलेल्याचा अपमान आहे. लेड झेपेलिनचे उदाहरण या मतास फार सोयीचे आहे. सप्टेंबर १९८० मध्ये जॉन बॉनम गेला आणि त्याच डिसेंबरात उरलेल्या तिघांनी आपण पूर्वीसारखे पुढे जाऊ शकत नाही, असे जाहीर केले. या निर्णयातील शालीनता मी नाकारत नाही.

परंतु शालीनता ही एक गोष्ट, आणि तिचा नियम करून तो सगळ्या जगाला लावणे ही दुसरी. हा नियम मराठी रंगभूमीला लावून पाहिला तर तिच्या इतिहासातील निम्मी पाने कोरी राहतात.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आणले आणि १८८५ मध्ये, ‘रामराज्यवियोग’ अपुरे ठेवून, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ते वारले. मंडळी त्यांच्याच नावाची. नाटककार तेच, संगीत त्यांचे, तालीम त्यांची. मूळ संचाचा आग्रह खरा मानला तर किर्लोस्कर नाटक मंडळीने त्याच वर्षी पडदा कायमचा पाडायला हवा होता. तसे झाले असते तर १८९९ मध्ये देवलांचे ‘शारदा’ या मंडळीने केले नसते. १९०१ मध्ये भाऊराव कोल्हटकर गेले. ज्यांच्या गळ्यावर मंडळी उभी होती तो गळा गेला. तेव्हाही ‘आता किर्लोस्करांत राहिले काय’ असे म्हणणारे रसिक असणारच, कारण असे रसिक प्रत्येक काळात असतात. चार वर्षांनी, १९०५ मध्ये, त्या मंडळीत नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा दाखल झाला. १९११ मध्ये खाडिलकरांचे ‘मानापमान’ याच मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी नानासाहेब जोगळेकर वारले. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तरीही किर्लोस्कर मंडळीचा फलक उतरला नाही. पुढल्याच वर्षी तिथे दीनानाथ मंगेशकर आले.

म्हणजे ‘मूळ’ माणसे चार वेळा वजा झाली आणि चारही वेळा मंडळी उरली. यातील कोणता प्रयोग अस्सल आणि कोणता नकली, हे माझ्या सहकाऱ्यांनी सांगावे. १८८५ नंतरचे सारेच नकली म्हणायचे असेल, तर बालगंधर्व हे मराठी रंगभूमीवरील सर्वांत लाडके नक्कलकार ठरतात.

‘ललितकलादर्श’चेही तसेच. केशवराव भोसले ऑक्टोबर १९२१ मध्ये गेले. गंधर्व मंडळीबरोबरचा तो गाजलेला संयुक्त ‘मानापमान’ होऊन तीन महिनेही झाले नव्हते. पुढे बापूराव पेंढारकर आणि त्यांच्यानंतर भालचंद्र पेंढारकर यांनी ते नाव चालवले. विद्याधर गोखल्यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ १९६० मध्ये आले ते याच नावाखाली. केशवराव जाऊन तेव्हा एकोणचाळीस वर्षे झाली होती. त्या नावाने गेलेल्याचा अपमान झाला, असे कोणाला म्हणता येईल?

आता ‘मूळ’ या शब्दाकडेच वळू. हा शब्द वापरणारे असे गृहीत धरतात की नाव, माणसे आणि कलाकृती या तीन गोष्टी एकाच ठिकाणी असतात. त्या तशा क्वचितच असतात. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केला. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने तो थांबवला. मग जब्बार पटेल, मोहन आगाशे, सतीश आळेकर आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले, १९७३ मध्ये थिएटर अॅकॅडमी स्थापन झाली आणि नाटक पुन्हा उभे राहिले. १९८० मध्ये ते युरोपातही गेले. इथे संस्थेचे नाव एकीकडे राहिले, माणसे आणि कलाकृती दुसरीकडे गेली. फलकावरचे नाव हाच अस्सलपणाचा पुरावा मानला असता तर ‘घाशीराम’ एकोणीस प्रयोगांचे नाटक म्हणून इतिहासात नोंदले गेले असते.

यावर असे उत्तर मिळते की, नाटकाला संहिता असते; ती कोणीही उचलावी. १९७० मध्ये ‘नटसम्राट’ श्रीराम लागूंनी उभे केले, पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी ते केले. बेलवलकर सर्वांचा आहे. हे ठीक. पण जिथे संहिता आणि माणूस यांत भेदच नाही तिथे काय?

हा प्रश्न मला खरोखर अवघड वाटत आला आहे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा लक्ष्मण देशपांडे यांचा एकपात्री प्रयोग. लेखक तेच, नट तेच, आणि रंगमंचावरची बावन्न पात्रेही तेच. २००९ मध्ये ते गेले. मूळ संचातला ‘मुख्य’ सदस्य नव्हे, अख्खा संचच गेला. पुढे संदीप पाठक यांनी तो प्रयोग करायला घेतला तेव्हा मी तो न पाहण्याची प्रतिज्ञा करणाऱ्यांपैकी होतो. विद्यार्थ्यांच्या हट्टापायी ती मोडली. पहिली दहा मिनिटे मी प्रत्येक लकब देशपांड्यांशी ताडून पाहत होतो आणि प्रत्येक ठिकाणी गुण वजा करत होतो. मग शेजारच्या मुलीकडे लक्ष गेले. ती लक्ष्मण देशपांड्यांच्या वेळी शाळेतही जात नसेल. ती ज्याला हसत होती तो नट नव्हता. विमानाच्या कल्पनेने गडबडलेला, तिच्या गावच्या मारुतीच्या पारावर बसणारा कोणी तिला दिसत होता. ती माणसे देशपांड्यांनी मराठवाड्यातून उचलली होती. त्यांनी आपल्या शरीरात त्यांना जागा दिली, मालकी घेतली नाही. मला एक थोर नट आठवत होता. तिला तिची माणसे भेटत होती. कलाकृती कोणाच्या बाजूने होती, हे मला सांगायला नको.

मूळ संचाच्या आग्रहात प्रेक्षकाचा एक छुपा अहंकार असतो, तो इथे उघडा पडतो. ‘आम्ही भाऊराव ऐकले’, ‘आम्ही लागू पाहिले’, ‘आम्ही मच्छिंद्र कांबळींचे तात्या सरपंच पाहिलेत’ ही वाक्ये कलेविषयी कमी आणि बोलणाऱ्याच्या वयाविषयी अधिक सांगतात. पाहिले हे भाग्यच. पण आपले भाग्य पुढच्या पिढीच्या दारावर कुलूप म्हणून लावण्याचा अधिकार कोणी दिला?

आता तमाशाकडे येतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

फड म्हणजे चार मित्रांचा वाद्यवृंद नव्हे. मोठ्या फडात शंभराच्या घरात माणसे असतात: सरदार, सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला, नाचणाऱ्या बायका, आणि ज्यांचे नाव कोणत्याच फलकावर येत नाही ते तंबू ठोकणारे, स्वयंपाकी, ट्रकचालक. हंगाम सुरू होण्यापूर्वी कलावंत मालकाकडून उचल घेतात. ती उचल देण्यासाठी मालक कर्ज काढतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांतून गावोगावचे पुढारी जत्रांच्या सुपाऱ्या ठरवतात आणि त्या सुपाऱ्यांतून ते कर्ज फिटते. मालक वारला म्हणून कर्ज वारत नाही. अशा वेळी ‘आता थांबण्यात शान आहे’ हा सल्ला ज्याचे रेकॉर्ड जगभर विकले जातात त्याला परवडतो. झेपेलिनचे तिघे थांबू शकले, कारण त्यांच्या मौनालाही रॉयल्टी मिळत होती. ढोलकीवाल्याच्या मौनाला कोण पैसे देणार?

केवळ पोटाचा युक्तिवाद करून मी थांबणार नाही. तसे केले तर कलेच्या कसोटीवर तमाशा हरला, आता दया दाखवा, असा त्याचा अर्थ होईल. मुद्दा कलेचाच आहे. तमाशात ‘मूळ’ असते ती रीत. गण, गवळण, बतावणी, वग या क्रमात प्रत्येक पिढी आपला मजकूर भरते. बतावणी तर गावागणिक बदलते. भाऊ-बापू नारायणगावकरांच्या फडातून विठाबाई आल्या आणि त्यांनी आपल्या नावात वडिलांचे नाव जपले. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनी पुढे स्वतःचा फड उभा केला. आमच्याच जिल्ह्यात संगमनेरला तुकाराम खेडकरांनंतर कांताबाई सातारकरांनी स्वतःचा फड काढला, वगातल्या पुरुषभूमिकाही केल्या, आणि त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांनी तो वारसा चालवला. २०२१ मध्ये कांताबाई कोरोनाने गेल्या. यातल्या कोणत्या टप्प्यावर काय संपायला हवे होते?

आणि इथे मला माझ्या सहकाऱ्यांना, तसेच स्वतःला, एक अप्रिय प्रश्न विचारायचा आहे. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव होतो. भीमसेन जोशी २०११ मध्ये गेल्यावर त्या महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव जोडले गेले: ‘सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव’. गुरूचे नाव, शेजारी शिष्याचे नाव, दोघेही दिवंगत, आणि तिकीट काढून हजारो लोक येतात. यास आपण परंपरा म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. मग ‘कै. अमुक सह तमुक’ या फलकाला आपण मेलेल्याच्या नावावरची सुपारी का म्हणतो? व्याकरण दोन्हीकडे एकच आहे. फरक मंडपात बसणाऱ्यांच्या जातीवर्गाचा आहे. आपली सौंदर्यदृष्टी कधी कधी कनातीच्या कापडाचा पोत पाहून निकाल देते.

गंमत म्हणजे हे व्याकरण रॉकवाल्यांनाही शेवटी शोधावे लागले. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फरोख बलसारा, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी, १९९१ मध्ये गेला. २००५ मध्ये ‘क्वीन’च्या ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांनी पुन्हा दौरे सुरू केले तेव्हा फलकावर लिहिले ‘क्वीन + पॉल रॉजर्स’. पुढे ‘क्वीन + अॅडम लॅम्बर्ट’. ते अधिकचिन्ह म्हणजे आमचा ‘सह’. आणि ज्या लेड झेपेलिनचा दाखला मला एसटीत दिला गेला, ते तिघे डिसेंबर २००७ मध्ये लंडनला एका रात्रीपुरते पुन्हा उभे राहिले तेव्हा ड्रमवर कोण होते? जॉन बॉनमचा मुलगा, जेसन. बापाच्या वाद्यावर लेक बसला. नारायणगावच्या राहुटीत याचे कोणाला नवल वाटले नसते.

याचा अर्थ काहीही चालते, असा मात्र नाही. बाजार असतो आणि तो निर्लज्ज असतो. माझ्या मते तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, फलक खरे बोलतो का. कोण नाही, हे जिथे लपवले जाते, जिथे गेलेल्याचे छायाचित्र मोठे आणि गाणाऱ्याचे नाव नाहीसे, तिथे फसवणूक आहे. म्हणूनच ‘कै.’ हे अक्षर मला मोलाचे वाटते. ते अनुपस्थिती जाहीर करते. दुसरी, जिवंत असलेल्याला डावलले आहे का. मेलेल्याच्या जागी उभे राहणे आणि जिवंत माणसाची जागा बळकावणे यांत फार अंतर आहे. खरे तंटे दुसऱ्या प्रकारातच असतात. पिंक फ्लॉइडमधून बाहेर पडल्यावर रॉजर वॉटर्स १९८६ मध्ये नावासाठी न्यायालयात गेला. पुढे समझोता झाला, आणि २०१३ मध्ये आपले ते करणे चुकीचे होते, असे त्याने जाहीरपणे कबूल केले. मला तरीही त्याची मूळ तक्रार क्षुल्लक वाटत नाही: तो जिवंत होता, त्याचे ऐकून घेणे आवश्यक होते. तिसरी गोष्ट, नव्या माणसाला नवे काही करण्याची मुभा आहे का. ज्याला केवळ गेलेल्याच्या लकबी गिरवायला ठेवले आहे तो वारसदार नसून पगारी पुतळा आहे. बालगंधर्वांनी भाऊरावांची नक्कल केली असती तर ते बालगंधर्व झाले नसते.

या तीन कसोट्यांवर अनेक ‘नव्या संचातली’ नाटके नापास होतील, आणि काही फडही होतील. त्यांवर जरूर टीका करावी. पण ती प्रयोग पाहून करावी, फलकावरचे ‘कै.’ वाचून नव्हे.

माझ्या सहकाऱ्यांनी हा मजकूर वाचला तर ते एक शेवटचा दाखला देतील, आणि तो घरचाच असल्याने त्याचे उत्तर देणे भाग आहे. ते म्हणतील, शिर्डीकडेच पाहा. १९१८ च्या विजयादशमीला साईबाबा गेले. त्यांच्या गादीवर कोणी बसले नाही. दर गुरुवारी द्वारकामाई आणि चावडीकडे पालखी निघते ती तसबीर आणि पादुका घेऊन. जागा रिकामी ठेवणे हाच खरा आदर.

अगदी मान्य. पण दाखला पुरा पाहावा. जागा रिकामी राहिली. धुनी मात्र विझवली नाही. आरत्या थांबल्या नाहीत. १८९७ मध्ये कोपरगावच्या गोपाळराव गुंडांनी सुरू केलेल्या उरुसाचाच पुढे रामनवमीचा उत्सव झाला आणि तो बाबांच्या नंतरही चालू राहिला. १९५४ मध्ये समाधीमंदिरात तालीमांनी घडवलेली मूर्ती आली. बाबांना न पाहिलेल्या पिढ्यांनी त्याच रूपात त्यांना पाहिले. गेलेला गेला आहे हे मान्य करून, त्याच्या आसनावर हक्क न सांगता, जे काम त्याने चालू केले ते चालू ठेवणे, हे या गावाने शंभरहून अधिक वर्षे केले आहे. फलकावरचा ‘कै.’ आसन रिकामे ठेवतो आणि ‘सह’ धुनीत लाकूड घालतो. इथे राहून ते आम्हाला समजू नये, याचे मला वाईट वाटते.

त्या विद्यार्थ्याला मी हे सारे सांगितले नाही. एवढे बोलायचे धैर्य त्या दिवशी नव्हते. फड बंद करायला नको होता, तुमच्या वडिलांनी योग्यच केले, इतकेच म्हणालो. त्याने मान हलवली आणि विचारले, “मग या वर्षी पाहायला याल?” दोन वर्षे मराठी लोकवाङ्मयाचा पेपर शिकवूनही मी कनातीच्या आत गेल्याला किती काळ लोटला, हे त्याला बहुधा ठाऊक असावे. मी येतो म्हणालो आहे. माझ्या सहकाऱ्यांसाठीही एक तिकीट काढणार आहे.